आईच्या नावाचा प्राणी

मी हाडं कापते. खाटकाची नव्हे, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यांची. हाडाची केसाइतकी पातळ चकती काढायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि तो प्राणी कसा वाढला ते वाचायचं, हा माझा धंदा. दादाचा धंदा जास्त रुबाबदार आहे. तो जीवाश्म शोधतो, तुकडे जुळवतो आणि नव्या प्राण्यांना नावं देतो. मग मी त्याच्या कामाला नावं ठेवते. आमच्या घरात हा विनोद इतका जुना झालाय की वहिनी आता हसायचे कष्टही घेत नाही.

त्या दिवशी दादा माझ्या प्रयोगशाळेत शिरला तोच तणतणत. हातात कापूस घातलेली छोटी डबी होती. ती त्याने टेबलावर जवळजवळ आपटलीच. एरवी कुणी जीवाश्माजवळ जोरात शिंकलं तरी हा माणूस डोळे वटारतो, तेव्हा प्रकरण साधं नाही हे मी ओळखलं.

"काप," तो म्हणाला.

मी डबी उघडली. आत मांडीचं हाड होतं, माझ्या करंगळीएवढं. ते मी लगेच ओळखलं. जगात त्या जातीचा एकच सांगाडा होता आणि तो दादाच्या संग्रहालयात, दादाच्याच कुलपात होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना? हे आईचं आहे."

"म्हणूनच म्हणतोय, काप."

आईचं म्हणजे आईच्या नावाचं. दादा तरुण असताना एका सोडून दिलेल्या खाणीच्या उतारावर, लाल मातकट दगडात त्याला हा प्राणी सापडला. तळहातावर मावेल एवढा. जबडा सरड्यासारखा, दात मात्र आपल्या वळणाचे, पुढचे वेगळे, मागचे वेगळे. धड सरपटणारा नाही, धड सस्तन नाही, अधल्यामधल्या काळातला. नाकाड आखूड आणि डोळ्यांच्या खोबण्या भल्यामोठ्या. दादाने त्यावरून सिद्धांत मांडला की हा पूर्ण वाढलेला प्राणी आहे. आपले पूर्वज आधी आकाराने लहान झाले, मोठ्यांच्या भीतीने अंधारात फिरू लागले, म्हणून डोळे मोठे. आणि एवढंसं अंग गार पडू नये म्हणून त्यांच्या आत शेगडी पेटली. ऊबदार रक्त, केस, दूध, सगळी कहाणी त्या लहानपणापासून सुरू होते. या सिद्धांतावर त्याचं पुस्तक उभं राहिलं, खातं उभं राहिलं आणि खरं सांगायचं तर दादाही उभा राहिला. आणि नव्या जातीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने आईच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून दिलं.

आई कोर्टात टंकलेखक होती. उभा जन्म तिने वादी आणि प्रतिवादींची नावं बडवण्यात घालवला. घर बाबांच्या नावावर, नंतर दादाच्या. दारावरची पाटीही बाबांची, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. तेव्हा आपलं नाव पुस्तकांत, तक्त्यांत, परदेशी माणसांच्या तोंडात गेलंय हे कळल्यावर तिला आकाश ठेंगणं झालं. त्या कवटीचा प्लास्टरचा साचा दिवाणखान्यात काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर बसला. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा तो साचा बघितल्याशिवाय सुटत नसे. एकदा शेजारीण म्हणाली, "अय्या, उंदीरच वाटतो की." आईने त्या बाईशी महिनाभर अबोला धरला.

"झालं काय?" मी दादाला विचारलं.

झालं होतं ते असं. एका परिषदेत त्याचं भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक संशोधक मुलगी उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, हे पिल्लू नाही याची खात्री काय?" सभागृहात खसखस पिकली. दादाच्या टाळूपर्यंत गेली ती.

"पिल्लू म्हणते! मी हाडं उकरत होतो तेव्हा ही पाळण्यातसुद्धा नसेल. तू काप, आणि चकती मार त्यांच्या तोंडावर."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. हाड खोटं बोलत नाही. सरपटणारे प्राणी थांबत थांबत वाढतात, म्हणून त्यांच्या हाडात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. पक्षी आणि आपण सस्तन एका दमात वाढतो. हाड भराभर भरतं, त्यात रक्तवाहिन्यांची भोकंच भोकं असतात. मग वाढ संपली की बाहेरून एक दाट, बिनभोकांची कड येते. घराचं बांधकाम संपल्यावर गिलावा करतात तशी. दादाच्या प्राण्याला ती कड असली की विषय संपला. आणि मी दादाच्याच बाजूची होते, हे इथे सांगितलंच पाहिजे. मी त्याला टाकून बोलते, पण बाहेरच्या कुणी बोललेलं मला खपत नाही.

मी आधी हाडाचा साचा घेतला. मग हाड राळेत बसवलं, ती कडक होऊ दिली आणि हिऱ्याची पात असलेल्या करवतीखाली धरलं. पाणी ठिबकत होतं, पात इतकी सावकाश फिरत होती की चालू आहे की बंद ते कळू नये. एक चकती निघाली. ती काचेवर चिकटवली आणि बारीक पॉलिश कागदावर बोटाने घासत राहिले, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. या कामात घाई करणारा माणूस हाडाचं पीठ करून ठेवतो. मी चांगली कारागीर आहे, चकती सुरेख उतरली. मग पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

कड नव्हती.

अगदी बाहेरच्या रेषेपर्यंत भोकं होती, मोकळी, रक्ताने भरून वाहत असावीत अशी. हा प्राणी मेला त्या दिवशीही धावत वाढत होता. माझ्या खणात तुलनेसाठी कोंबडीच्या पिलाच्या हाडाची पट्टी असते, ती शेजारी ठेवली. वेगळी ओळखायला मला नाव वाचावं लागलं असतं. मग मनात एक वाईट शंका आली. त्याच खाणीतल्या एका कुत्र्याएवढ्या प्राण्याच्या पट्ट्या माझ्याकडे जुन्या होत्या. त्याला मागच्या कुठल्याशा शतकातल्या दाढीवाल्या गृहस्थाने नाव दिलेलं. त्या मोठ्या हाडाच्या गाभ्यात त्याचं बालपण अजून शिल्लक होतं. ते मी मोजलं आणि आईच्या हाडाशी ताडून पाहिलं. आकार तोच, वीण तीच. आईच्या नावाचा प्राणी म्हणजे त्या मोठ्याचं पोर होतं.

आमच्या शास्त्रात याबाबतीत दयामाया नाही. एकाच प्राण्याला चुकून दोन नावं पडली तर आधीचं टिकतं, मागचं गळतं. दादाचा सिद्धांत पडला असता ते एक वेळ ठीक, सिद्धांत पडतच असतात. पण आईचं नावही जाणार होतं आणि ते मी माझ्या करवतीने कापलं होतं. 

दादा आला. मी नुसती खुर्ची सोडली. तो डोळा लावून बसला. बराच वेळ बसला.

"पट्टी जाड झालीय," तो म्हणाला.

"नाही झाली."

"दुसरं हाड काप."

"कापते की. दुसऱ्या हाडात काय ते म्हातारं होणार आहे?"

तो चिडेल, करवतीला, मला, त्या मुलीला शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. चष्मा काढून पुसत बसला, मग म्हणाला, "आईला काय सांगायचं?"

त्या प्रश्नात आई किती होती आणि पुस्तक किती, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. तेव्हा मला फक्त आईच दिसली. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर मागे लागले होते आणि ती ऐकत नव्हती. "या वयात छाती फाडून घेऊ? आहे ते चाललंय," हे तिचं ठरलेलं उत्तर. नाही केलं तर वर्ष, फार तर दोन, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"चिंगे," दादा म्हणाला. तो मला चिंगी म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. "आई असेपर्यंत थांब. तिला कशाला धक्का द्यायचा? मग छाप. मी स्वतः लेखावर सही करतो, माझी चूक माझ्या नावाने कबूल करतो. फक्त ती असेपर्यंत."

मी हो म्हटलं. मला ती मायाच वाटली.

त्यातली ग्यानबाची मेख मला हळूहळू टोचायला लागली. फोन वाजला आणि पडद्यावर वहिनीचं नाव दिसलं की आधी आईला काही झालं का असं वाटायचं आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, त्या लेखाची आठवण यायची. दर रविवारी मी आईकडे जात असे. ती जिना चढताना पूर्वी मधल्या वळणावर थांबायची, आता त्याच्या बरीच अलीकडे थांबायला लागली. हे मी टिपलं. कशासाठी टिपलं, असं मनात आलं आणि माझी मलाच किळस वाटली.

"कापलंस का गं माझं हाड?" आई विचारायची.

"अजून घासतेय."

"घास, घास. शाळेतसुद्धा पेपर तूच शेवटी द्यायचीस." मग काचेच्या कपाटाकडे बघून म्हणायची, "त्या आगाऊ पोरीला म्हणावं, थांब. माझी मुलगी काय ते दाखवील."

त्या आगाऊ पोरीचा मला मेल आला. फार चांगला लिहिला होता, राग धरायलाही जागा नव्हती. त्यांना दुसऱ्या खाणीत याच प्राण्याचे लहान-मध्यम-मोठे असे सांगाडे सापडले होते. तुम्ही हाड कापलंय असं ऐकलं, पट्टीचं चित्र पाठवाल का, एकत्र लिहू या का, असं विचारलं होतं. मी उत्तर दिलं, काम चालू आहे. पुन्हा मेल आला. पुन्हा तेच उत्तर. शेवटी तिने कळवलं की आम्ही लिहायला घेतोय, तुमचं काही असेल तर उल्लेख करायला आवडेल.

मी तडक संग्रहालयात गेले. दादा त्याच्या खोलीत, उघड्या खणांच्या मधोमध उभा होता.

"ते छापणार आहेत. मग माझी पट्टी काय चाटायची? आणि लोक विचारतील, बाई, तुमच्याकडे पुरावा होता तर दडवलात का?"

"थोडं थांब."

"थोडं म्हणजे किती?"

त्याने एक खण ढकलून बंद केला. मग दुसरा. त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते उच्चारायची दोघांचीही छाती नव्हती. मी आले तशी परत गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई बाथरूमच्या दाराशी चक्कर येऊन पडली. इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय पुन्हा काढला, आणि आम्ही आता नेहमीची कटकट ऐकायची म्हणून तयार झालो, तर आई म्हणाली, "करा."

आम्ही बघतच राहिलो. ती दादाला म्हणाली, "बघतोस काय असा? चिंगीचं ते हाडाचं काम छापून येईल ना, त्यावर तुझं नाव असेल, हिचं असेल आणि मध्ये माझं. तिघांची नावं एका कागदावर. ते बघितल्याशिवाय मी जात नाही. ही काही वेगाने घासत नाही, तेव्हा मलाच थांबायला हवं."

दादा खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला. बाहेर वाहनतळ होता फक्त.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून होतो. वहिनीने पाण्याची बाटली दिली होती, ती आम्ही नुसती एकमेकांच्या हातात देत होतो. मी मनात म्हणत होते, ती वाचू दे. तळमळून म्हणत होते. मला ती हवी होती. मग दार उघडलं, डॉक्टर टोपी काढत बाहेर आले, हसले आणि म्हणाले, "उत्तम झालं. नवी झडप छान बसलीय. आता दहा वर्षं तरी आईंची काळजी करू नका."

मला आनंद झाला. खरंच झाला. पण त्याच्या आधी, पापणी लवते न लवते तोच, माझ्या मनात उमटलं, दहा वर्षं?

मी दादाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसला. आम्ही दोघांनी मान खाली घातली. डॉक्टरांना वाटलं, आम्हाला भरून आलंय. त्यांनी दादाच्या पाठीवर थोपटलं आणि ते निघून गेले.

"मी तिला सांगणार," मी म्हटलं.

"टाके ओले आहेत अजून!"

"टाके सुकू देते. पण सांगणार. मला हे जमत नाही, दादा. आपण कोण झालोय?"

तो नाही म्हणाला नाही.

टाके सुकत आले. आईला खोलीतल्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. मी गेले तेव्हा ती मांडीवर टॉवेल पसरून केस विंचरत होती. रंग परत आला होता, आवाजही. नर्स कशी चुकीच्या हाताला सुई टोचते ते तिने मला साभिनय सांगितलं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि एका दमात बोलून टाकलं. ते पिल्लू आहे. मोठ्या प्राण्याचं पोर. हाडाला कड नाही. दादाचं चुकलं. आणि ती मुलगीही हेच छापणार आहे.

आई विंचरायची थांबली. "म्हणजे माझं नाव रद्द?"

"अगदी पुसत नाहीत. मोठ्या नावाच्या मागे, कंसात राहतं."

"कंसात," आई म्हणाली. तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग ती म्हणाली, "आणि ते वाढायच्या आधीच गेलं म्हणायचं. अरेरे. बिचारं."

"आई, तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. न वाटायला काय झालं? इतकी वर्षं मिरवलं. आता त्या शेजारणीला काय सांगू, हा प्रश्नच आहे." ती पुन्हा विंचरू लागली. "सांगीन, माझ्या मुलीनेच शोधून काढलं म्हणून. उंदीर म्हणाली होती ना ती? उंदीर तर नाहीच निघाला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. किती महिन्यांचं ओझं, असं एका वाक्यात उतरलं. तेवढ्यात दादा दारात आला. माझे डोळे पाहून तो तिथेच थबकला.

"ये, ये," आई म्हणाली. "सांगितलं हिने. एवढंच होतं ना? एवढ्यासाठी दोघंही ऑपरेशनच्या आधीपासून सुतकी तोंडं करून फिरत होतात? मला वाटलं, मीच मरते की काय."

दादा हसला. खूप दिवसांनी मोकळं हसला. येऊन पलंगाच्या कडेला बसला, तिचा हात हातात घेतला. आम्ही तिघं बसलो होतो, आणि सगळं निभावलं असं मला वाटलं.

"मग छापून कधी येतंय?" आईने विचारलं.

"आता लिहून काढते लगेच," मी म्हटलं.

"आता? अगं, पण हे कळलं कधी तुला?"

"झाले काही महिने."

"मग इतके दिवस काय केलंस? ती पोरगी टपून बसलीय म्हणालीस ना? तिने आधी छापलं तर तुझी मेहनत पाण्यात."

"तुला धक्का बसेल म्हणून थांबलो," दादा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, जपा म्हणून."

"बरं, जपलंत. पण मग छापणार कधी होतात?"

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा हात अजून त्याच्या हातात होता. मी काहीतरी सुचेल म्हणून शोधत होते, काहीही चाललं असतं, खोटंही चाललं असतं, पण सापडलं नाही.

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोर्टात जन्म गेला तिचा. प्रश्न विचारल्यावर माणूस गप्प राहिला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने आपला हात सोडवून घेतला. कंगव्यात अडकलेले केस काढले, त्यांची गुंडाळी केली आणि ती कुठे टाकावी ते न कळल्यासारखी मुठीत धरून ठेवली.

"छापून टाका," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नका. मला वेळ लागेल."